तीन वर्षांची मुदत

सावकारांविरुद्धच्या दक्खनच्या दंग्याची गोष्ट निघाली, की आमच्या पारनेर तालुक्यात कुणीतरी छाती फुगवून सांगतंच, सुरुवात आपल्या सुप्यात झाली. तसं नाही. 12 मे 1875 रोजी बाजाराच्या दिवशी भडका उडाला तो पुणे जिल्ह्यातल्या, भीमथडीतल्या सुप्यात. आपल्याकडं तो त्यानंतर आला; पारनेर, श्रीगोंदा, नगर, कर्जत या तालुक्यांत पसरला. सावकारानं कर्जाची खतं मुकाट्यानं काढून दिली, तर बहुतेक ठिकाणी त्याच्या अंगाला हात लागला नाही. खतं जाळायची आणि घरी जायचं. दोन्ही जिल्ह्यांत मिळून 951 माणसं पकडली, 501 जणांना शिक्षा झाली.

जमीन, धान्य, दागिने सोडून लोक कागदावर का तुटून पडले? मी गावच्या सोसायटीचा सचिव म्हणून हयात काढली, म्हणून आकड्यातच सांगतो.

1859 च्या मुदतीच्या कायद्यानं साध्या खतावर तीन वर्षांच्या आत दावा लावायचं बंधन घातलं. हेतू चांगला होता. जुनी मढी उकरून कुळाला छळू नये. पण तीन वर्षं भरत आली की सावकार म्हणायचा, खत बदलून दे, नाहीतर कोर्टात जातो. 100 रुपये, दरमहा शेकडा 2 व्याज धरा. तीन वर्षांनी 172 चं नवं खत. आता व्याजही मुद्दल झालं. सहा वर्षांनी 296, नऊ वर्षांनी 509. आपल्या धर्मशास्त्रात दामदुप्पट होती, व्याज मुद्दलापेक्षा जास्त एकदम वसूल करता येत नसे. पण मुद्दलच दर तीन वर्षांनी वाढवून लिहिलं की दामदुप्पट काय करणार बिचारी?

आणि खत राहायचं सावकाराच्या पेटीत. कुळाला वाचता येत नसे; सहीच्या जागी नांगराची निशाणी, बाकी सगळं लिहिणाऱ्याच्या हातात. मधल्या काळात दिलेल्या ज्वारीची, तुपाची, रोकडीची नोंद झाली की नाही, हे वही उघडणाऱ्यालाच ठाऊक.

सरकारनं चौकशी आयोग नेमला आणि 1879 मध्ये दक्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि आपला नगर, असे चार जिल्हे. साध्या खताची मुदत सहा वर्षं झाली, नोंदणी केलेल्याची बारा. कोर्टानं खताच्या मागं जाऊन व्यवहार मुळापासून तपासायचा. मला सगळ्यात मोठं कलम वाटतं ते निराळंच: रक्कम घेणाऱ्यानं पावती दिली पाहिजे, आणि कुळानं मागितला तर वर्षाचा हिशेब आणि पासबुकही. कागदाचा निम्मा हक्क पहिल्यांदा कुळाकडं आला. मागण्याची हिंमत किती कुळांत होती, तो भाग वेगळा.

आज पोरं क्रेडिट कार्डाच्या पावत्या घेऊन येतात, किती दिवस ठेवू म्हणून विचारतात. किरकोळ खरेदीची पावती स्टेटमेंट जुळेपर्यंत, वस्तूची वॉरंटी संपेपर्यंत, धंद्याचे कागद सहा-सात वर्षं. झेरॉक्स काढा, त्या गुळगुळीत कागदावरची शाई उडते. कर्ज फिटल्याचा बेबाकी दाखला मात्र कधीच फेकू नका. येणं वसूल करायला दाव्याची मुदत आजही साधारण तीन वर्षंच आहे, आणि मुदत संपण्याआधी बाकी लेखी कबूल केली की मुदत नव्यानं मोजायला लागते. 1859 ची युक्ती अजून जिवंत आहे.

आमच्याकडं तिचं नाव नवं-जुनं. पीककर्ज 31 मार्चच्या आत भरलं तर व्याजात सवलत, म्हणून शेतकरी चार-आठ दिवसांसाठी हातउसने घेऊन सोसायटीत भरतो आणि नवं कर्ज उचलून ते फेडतो. सोसायटीच्या दप्तरात सगळं चोख असतं, पावतीसकट. हातउसन्यावरचं चार दिवसांचं व्याज मात्र कुठल्याच कागदावर येत नाही.