फर्नांडिस हे कुणाचे आडनाव?



आपल्याकडे दोन अनोळखी माणसे बोलू लागली की पहिला प्रश्न गावाचा होतो आणि दुसरा आडनावाचा. गाव विचारण्यात जिव्हाळा असतो. आडनाव विचारण्यात पुष्कळदा वेगळाच हिशेब असतो. आडनाव कळले की जात कळली, आणि जात कळली की माणूस कळला, अशी आपली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे. खोली भाड्याने देताना, सोयरीक जुळवताना, आणि सांगावयास लाज वाटते, पण कामावर घेतानाही ही समजूत आपले काम चोख करीत असते.

आम्ही शाळा लवकर सोडली. पुढे कामगारांच्या संघटनेत आयुष्य गेले. हजेरीपुस्तके, वर्गणीच्या पावत्या आणि सभासदांच्या याद्या हेच आमचे पहिले ग्रंथालय. त्या याद्यांत गोदीपासून रेल्वेपर्यंत आणि जहाजांपासून हॉटेलांपर्यंत एक आडनाव आम्ही सतत वाचीत आलो. ते म्हणजे फर्नांडिस. या आडनावाचा माग काढीत गेले तर वाट गोव्याहून पोर्तुगालला, तेथून स्पेनच्या डोंगरांत आणि पुढे जवळजवळ साऱ्या जगभर जाते. आडनावावरून रक्त ओळखता येते या समजुतीचे त्या वाटेवर काय होते, ते आज आपणांपुढे मांडावयाचे आहे.

स्पेन आणि पोर्तुगाल हे देश ज्या द्वीपकल्पावर वसले आहेत त्याला आयबेरिया म्हणतात. रोमन साम्राज्य ढासळल्यावर, इसवी सनाच्या पाचव्या शतकात, तेथे व्हिसिगॉथ नावाच्या जर्मन वंशाच्या टोळ्यांनी राज्य उभारले. पुढे त्यांची राजधानी तोलेदो येथे झाली. ७११ साली उत्तर आफ्रिकेतून आलेल्या मुसलमान फौजांनी ते राज्य बुडवले. गॉथांची भाषाही लोप पावली, पण त्यांची नावे मात्र लोकांच्या तोंडी राहिली. 'फर्नांदो' हे त्यांतलेच एक. या नावाच्या उत्तरार्धाचा अर्थ धाडस. पूर्वार्धाचा अर्थ काही पंडित प्रवास असा करतात, तर काही शांती असा. म्हणजे ज्या नावाला आपण अस्सल स्पॅनिश समजतो, तेच मुळी परक्यांनी आणलेले आहे.

या फर्नांदोचा मुलगा तो 'फेर्नांदेस'. स्पॅनिश लोक हे आडनाव शेवटी 'झेड' अक्षर घालून लिहितात, पोर्तुगीज 'एस' घालून. दोघांचा अर्थ एकच : फर्नांदोचा पुत्र. आपल्या लोकांना ही रीत चटकन समजेल, कारण आपणही स्वतःच्या नावापुढे बापाचे नाव लावतो. कास्तिल प्रांताच्या सरदारांची एक वंशावळ पाहा. गोन्सालो फेर्नांदेस याचा मुलगा फेर्नान गोन्सालेस. हा ९७० साली वारला. त्याचा मुलगा गार्सिया फेर्नांदेस, आणि त्याचा मुलगा सांचो गार्सिया. चार पिढ्या एकाच घरातल्या, पण दुसरे नाव प्रत्येक पिढीला पालटते आहे. आजोबा फेर्नांदेस, बाप गोन्सालेस, नातू पुन्हा फेर्नांदेस. आपल्याकडे मधले नाव जसे पिढीगणिक बदलते तसेच हे. त्या काळी 'फेर्नांदेस' हे घराण्याचे नाव नव्हते. 'हा अमक्याचा मुलगा' एवढीच ती खूण होती.

मग ही वाहती खूण थिजली कशी? मध्ययुगाच्या उत्तरार्धात जमीनजुमल्याचे व वारसाहक्काचे कागद वाढले, तसतसे एकच नाव बापाकडून मुलाकडे चालू लागले. पुढे धर्मपीठाच्या नोंदवह्या आल्या. ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५६३ साली लग्नांची नोंद ठेवणे प्रत्येक चर्चला बंधनकारक केले. बाप्तिस्म्याच्या वह्याही घालून दिल्या. १८७० साली स्पेनमध्ये सरकारी जन्ममृत्यू नोंदणीचा कायदा झाला आणि आडनावावर शेवटचा शिक्का बसला. एकदा वहीत 'फेर्नांदेस' असे लिहिले गेले, की ज्याच्या घरात सात पिढ्यांत कुणी फर्नांदो जन्मला नाही, तोही जन्मभर फर्नांदोचा पुत्र!

यातून निघणारी गोष्ट महत्त्वाची आहे. ही नावे थिजली त्या काळात स्पेनमध्ये फर्नांदो हे नाव अतिशय लोकप्रिय होते. राजेही त्या नावाचे झाले. कोर्दोबा आणि सेव्हिल जिंकणाऱ्या तिसऱ्या फर्नांदोला पुढे १६७१ साली संतपद मिळाले. अशा हजारो फर्नांदोंच्या हजारो मुलांची नावे ठिकठिकाणच्या वह्यांत स्वतंत्रपणे थिजली. तेव्हा फर्नांडिसांचा मूळपुरुष एक नाही. मेंढपाळ फर्नांदोचा वंश निराळा, लोहार फर्नांदोचा निराळा, सरदार फर्नांदोचा निराळा. तरीही 'फर्नांडिस घराण्याचे' म्हणून एकच राजचिन्ह चौकटीत बसवून विकणारी दुकाने आज युरोप-अमेरिकेत आहेत, आणि त्यांना गिऱ्हाईकही मिळते. पूर्वज सरदार निघावा असे कुणाला वाटत नाही?

एक नाव दोन रूपांनी कसे नांदते तेही पाहण्यासारखे आहे. आपल्याकडे संस्कृत 'दश'चे 'दहा' झाले, 'श'चा 'ह' झाला. तसे कास्तिलच्या बोलीत शब्दारंभीच्या 'फ'चा 'ह' झाला आणि पुढे तो 'ह'ही उच्चारातून गळाला. फर्नांदोचा झाला एर्नांदो, आणि फेर्नांदेसचा एर्नांदेस. मेक्सिको जिंकणारा कोर्तेस फर्नांदो, एर्नांदो आणि एर्नान अशा तिन्ही नावांनी ओळखला जातो. आज मेक्सिकोत सर्वांत अधिक आढळणारे आडनाव हेच एर्नांदेस आहे. फेर्नांदेसचा हा सख्खा भाऊ, पण इतका दूर गेलेला की नाते ओळखू येत नाही.

आता धर्माकडे वळू. १४९२ साली स्पेनने ज्यूंना 'बाप्तिस्मा घ्या, नाहीतर देश सोडा' असे फर्मावले. १४९७ साली पोर्तुगालने तर सक्तीच करून त्यांना ख्रिस्ती केले. या 'नव्या ख्रिस्त्यां'नी शेजाऱ्यांची साधी, कुणाच्या डोळ्यांत न भरणारी आडनावे घेतली. फर्नांडिस त्यांपैकी एक. अंतोनियो फर्नांडिस कार्वाहाल हा लंडनचा व्यापारी पोर्तुगालमध्ये जन्मला होता. त्याला १६५५ साली इंग्लंडमध्ये रहिवासाचे हक्क मिळाले आणि तो तेथील ज्यू समाजाचा अग्रणी ठरला. म्हणजे ज्या आडनावाला आपण ख्रिस्ती धर्माची पाटी समजतो, तिच्याखाली ज्यू मनुष्यही उभा होता.

आज स्पेनमध्ये वडिलांकडून आलेले आडनाव फेर्नांदेस असलेली माणसे सुमारे नऊ लाख भरतील. पहिल्या पाच आडनावांत त्याची गणना होते. उत्तरेकडच्या आस्तुरियास या डोंगराळ प्रांतात ते सर्वांत जास्त आढळते. हा प्रांत कोळशाच्या खाणींचा. येथल्या खाणकामगारांनी १९३४ च्या ऑक्टोबरात उठाव केला, तो लष्कराने चिरडला. फ्रँकोच्या हुकूमशाहीत संप हा गुन्हा असताना १९६२ साली याच खाणींत संप झाला आणि तो देशभर पसरला. बास्क प्रांतात मात्र आडनाव बहुधा घरावरून किंवा जागेवरून पडलेले दिसते. आपल्या 'कर'वाल्या आडनावांचे ते भाऊबंद म्हणावयाचे.

आस्तुरियास आणि गालिसिया हे प्रांत गरीब; पोटासाठी माणसे जहाजात बसली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लाखो लोक अर्जेंटिना आणि क्यूबा येथे गेले. अर्जेंटिनात तर कुठलाही स्पॅनिश मनुष्य 'गालिसियावाला' म्हणूनच ओळखला जाऊ लागला. २०१९ च्या निवडणुकीत तेथे आल्बेर्तो फेर्नांदेस राष्ट्राध्यक्ष झाले आणि माजी राष्ट्राध्यक्ष क्रिस्तिना फेर्नांदेस उपाध्यक्ष झाल्या. दोघांचे आडनाव एक, पक्षाची आघाडी एक, पण नाते काडीचेही नाही.

ही झाली स्वतःहून गेलेल्यांची गोष्ट. परंतु ब्राझील आणि क्यूबा येथे आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांनाही आडनावे मिळाली, आणि त्यांतली पुष्कळशी मालकांची होती. ज्याने चाबूक मारला त्याचेच नाव नातवंडांनी चालवावे, यापरते विपरीत ते काय? फिलिपाइन बेटांत तर सरकारने यादीच छापली. गव्हर्नर क्लाव्हेरिया याने २१ नोव्हेंबर १८४९ रोजी हुकूम काढला की प्रत्येक कुटुंबाने कायमचे आडनाव घ्यावे. सुमारे साठ हजार नावांची एक जंत्री तयार झाली व तिची पाने गावोगाव वाटली गेली. त्यामुळे काही गावांत जवळजवळ साऱ्यांची आडनावे एकाच अक्षरापासून सुरू होतात. हेतू काय? कर कुणी भरला आणि कुणी चुकवला ते कळावे! तेथे आज स्पॅनिश आडनावाची माणसे पुष्कळ आहेत. स्पॅनिश रक्ताची मात्र थोडी.

आपल्या किनाऱ्यावर हे आडनाव पोर्तुगिजांच्या तारवांतून आले. तमिळ देशात तुतिकोरिनच्या बाजूला मोती काढणारे व मासेमारी करणारे परवर लोक १५३५ नंतर समूहाने ख्रिस्ती झाले. त्यांच्यात आणि लंकेच्या पश्चिम किनाऱ्यावर 'फर्नांडो' हेच आडनाव रूढ झाले. 'पुत्र' सुटला आणि बापाचे नाव तेवढे राहिले.

गोवा आल्बुकेर्कने १५१० साली घेतला. तिसवाडी, बारदेश आणि साष्टी येथे सोळाव्या शतकात मोठ्या प्रमाणावर धर्मांतरे झाली. बाप्तिस्म्याच्या वेळी नव्या ख्रिस्त्याला नवे नाव मिळे, आणि आडनाव बहुधा बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्र्याचे किंवा धर्मपित्याचे. धर्मपिता फर्नांडिस, तर सारे कुटुंब फर्नांडिस. काल नाईक, प्रभू किंवा कामत असणारा मनुष्य संध्याकाळी फर्नांडिस होऊन घरी परतला. शेत तेच, बोली तीच, गावकरीतला हक्क तोच. पोर्तुगीज रक्ताचा थेंबही त्यात आला नव्हता. वसईच्या बाजूलाही १५३४ पासून चिमाजी आप्पांनी १७३९ साली किल्ला घेईपर्यंत पोर्तुगीज अंमल होता, आणि तेथील ख्रिस्ती समाजाची आडनावे त्याची साक्ष देतात. करांचा बोजा, दुष्काळ, १५६० साली आलेले इन्क्विझिशन, १६८३ ची संभाजी महाराजांची स्वारी अशा नाना कारणांनी गोव्यातून कुटुंबे दक्षिणेस कानडा मुलखात सरकली आणि फर्नांडिस मंगळूरला पोहोचले. मंगळूरच्या कित्येक ख्रिस्ती घरांत जुने 'प्रभू' किंवा 'शेणॉय' हे नाव आजही आठवणीत आहे.

येथे एक कटू गोष्ट सांगितली पाहिजे. आडनाव बदलल्याने जात गेली, असे घडले नाही. गोव्यात एकाच गावचे दोन फर्नांडिस निरनिराळ्या जातींचे असत, आणि चर्चमधील त्यांच्या मंडळ्याही निराळ्या असत. परक्याला आडनावावरून काही कळत नव्हते, पण गावाला सर्व ठाऊक होते. आडनाव टाकले की प्रश्न सुटला असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. जात वहीतल्या नावापेक्षा शेजाऱ्याच्या मनात जास्त पक्की लिहिलेली असते.

पुढे मुंबई वाढली तशी गोवेकर माणसे जहाजांवर खलाशी, आचारी, वाजंत्री म्हणून आली. धोबीतलावच्या आसपास त्यांनी गावागावांचे 'कूड' उघडले. तेथे एका गावचे अनेक फर्नांडिस जमत, तेव्हा आडनाव हाका मारण्याच्याही उपयोगाचे राही ना. बापाचे नाव किंवा घराचे टोपणनाव लागे. म्हणजे हजार वर्षांपूर्वीच्या कास्तिलची रीत पुन्हा सुरू झाली.

याच आडनावाचा एक तरुण मंगळूरहून मुंबईस आला आणि गोदीकामगार, महापालिकेचे कामगार, टॅक्सीवाले यांच्यात मिसळला. जॉर्ज फर्नांडिस यांचा जन्म ३ जून १९३० चा. तोच इंग्लंडच्या पाचव्या जॉर्जचा वाढदिवस, म्हणून आईने ते नाव ठेवले. नाव इंग्रज राजाचे, आडनाव गॉथांकडून स्पेनला आणि पोर्तुगालमार्गे मंगळूरला आलेले. १९६७ साली दक्षिण मुंबईच्या मतदारांनी त्यांना स. का. पाटलांविरुद्ध निवडून दिले. १९७४ च्या मे महिन्यात त्यांच्या नेतृत्वाखाली रेल्वेचा जो संप झाला, त्यात सुमारे १७ लाख कामगारांचा प्रश्न होता. त्यांच्या पुढच्या राजकारणाविषयी आमच्यात मतभेद आहेत आणि राहतील. पण संपाच्या हाकेला 'ओ' देताना पुढाऱ्याच्या आडनावावरून त्याची जात काढीत कुणी बसले नाही, एवढे निश्चित.

आज फर्नांडिस आखातात आहेत, कॅनडात आहेत, इंग्लंडच्या स्विंडन गावात पोर्तुगीज पारपत्रावर गेलेल्या गोवेकरांत आहेत. त्या सर्वांना एकत्र बसवले, तर गॉथांपासून गुलामांपर्यंत आणि ज्यूंपासून परवरांपर्यंत सर्वांचे वंशज एका पंगतीस येतील. त्यांच्यात समान काय? एवढेच, की कुणा एके काळी कुणीतरी लेखणीवाल्याने वहीत ते नाव लिहिले. कधी बापाच्या सांगण्यावरून, कधी पाद्र्याच्या, कधी मालकाच्या, कधी कर वसूल करणाऱ्याच्या.

आडनाव म्हणजे माणसाच्या पूर्वजांवर कुणाची सत्ता चालली त्याची नोंद होय. ती अभ्यासण्याजोगी आहे, जपण्याजोगीही आहे. कारण तिच्यात इतिहास आहे. पण त्या नोंदीवरून माणसाची किंमत करू जाणे, हे हजेरीपुस्तकाच्या पुठ्ठ्यावरून आत राबणाऱ्यांचे काम जोखण्यासारखे आहे. यापुढे नव्या शेजाऱ्याला, नव्या कामगाराला, मुलीसाठी पाहिलेल्या स्थळाला आपण आडनाव जरूर विचारावे. मात्र उत्तर ऐकल्यावर माणूस कळला असे समजू नये. माणसाची चौकशी तेथून पुढे सुरू होते, हे आम्हांस त्या याद्यांनी शिकवले.