मेकफाइलमधला टॅब आणि एक वाया गेलेली सकाळ

एमएस्सीच्या प्रोजेक्टचा आलेख घेऊन मी धुळ्याहून एसटीने जळगावला निघाले होते. कागद नीट पाहिला तो पारोळ्याजवळ. मे महिन्यात जळगाव ३१८ अंशांवर! जळगावच्या उन्हाला कितीही नावं ठेवली, तरी एवढं नाही. केल्विनचं सेल्सिअस करायचं राहिलं होतं. ती चूक मी आदल्या रात्री प्रोग्रॅममध्ये सुधारली होती, पण तो पुन्हा चालवलाच नाही; आलेख जुन्याच फाइलवरून निघाला.

या चुकीला चांगला इतिहास आहे. एप्रिल १९७६, अमेरिकेतली बेल लॅब्स. स्टीव्ह जॉन्सन चिडून स्टुअर्ट फेल्डमनकडे आले. बरोबर असलेल्या प्रोग्रॅममध्ये चूक शोधण्यात त्यांची सकाळ गेली होती. कोड दुरुस्त केलेला, पण ती फाइल पुन्हा कंपाइल करायची राहिलेली. फेल्डमन स्वतः आदल्या संध्याकाळी असेच अडकले होते. त्यातून 'मेक' जन्मलं. त्याचं तत्त्व साधं: मूळ फाइल तिच्यापासून बनलेल्या फाइलपेक्षा नवी असेल, तर तेवढाच भाग पुन्हा बनवायचा.

मेकफाइलमध्ये आज्ञेच्या आधी स्पेस नाही, टॅबच लागतो. त्यावरून तुम्हीही कधीतरी वैतागाल. फेल्डमनना ते बदलता आलं असतं, पण काही आठवड्यांतच डझनभर लोक मेक वापरू लागले होते, बहुतेक मित्रच. त्यांची अडचण नको म्हणून टॅब राहिला, तो आजतागायत. २००३ चा एसीएमचा सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार मेकसाठी फेल्डमनना मिळाला.

पण मेक फक्त 'ताजं' आहे का ते बघतं. 'बरोबर' आहे का ते नाही. ते काम युनिट टेस्टचं. केंट बेक यांनी स्मॉलटॉक भाषेसाठी तशी चौकट केली, १९९४ मध्ये तिच्यावर लिहिलं. १९९७ मध्ये झुरिकहून अटलांटाला जाताना, विमानातच, बेक आणि एरिक गामा यांनी जावासाठी 'जेयुनिट'ची सुरुवात केली. त्याच धर्तीचं 'युनिटटेस्ट' २००१ मध्ये पायथन २.१ सोबत आलं.

हे फक्त सॉफ्टवेअरवाल्यांचं आहे असं वाटत असेल, तर २००६ पाहा. जेफ्री चँग यांच्या गटाला प्रथिनांच्या रचनांवरचे पाच शोधनिबंध मागे घ्यावे लागले. त्यांच्या प्रयोगशाळेतला एक घरगुती प्रोग्रॅम आकड्यांचे दोन रकाने आपसात बदलत होता. स्वित्झर्लंडमधल्या गटाने तशाच एका प्रथिनाची रचना छापली, ती जुळेना, तेव्हा हे उघड झालं. माहीत असलेल्या उत्तराची एक छोटी टेस्ट असती, तर कदाचित आधीच कळलं असतं.

तुमचा प्रोजेक्ट तीनच फाइलींचा असला तरी एक मेकफाइल टाका: कच्च्या आकड्यांपासून स्वच्छ आकडे, त्यांपासून आलेख, आणि आलेखाच्या आधी टेस्ट. ती नापास झाली की मेक तिथेच थांबतं. टेस्टसाठी उत्तर तोंडपाठ असलेली उदाहरणं घ्या. ३१८.१५ दिलं तर ४५ यायला हवं. (दशांश आकडे 'तंतोतंत समान' असं तपासू नका, थोडी सूट ठेवा.) रिकामा रकाना दिला तर शून्य नाही, चूक दिसली पाहिजे.

माझ्या मेकफाइलमध्ये आणखी एक तपासणी आहे, पुस्तकी अर्थाने ती युनिट टेस्ट नाही: मे महिन्यातलं जळगावचं सरासरी कमाल तापमान ४० च्या वर आणि ५० च्या खाली असलंच पाहिजे.