सोंग, लोकनाट्यातील
स्वतःची ओळख बाजूस सारून दुसऱ्याचा वेष, भाषा व बोलण्याची ढब धारण करणे म्हणजे सोंग. मराठी लोकनाट्यात समाजाला खडे बोल सुनावण्याचे ते जुने साधन होय. पैठणचे संत एकनाथ (१५३३–९९) यांनी भारुडांत महार, जोशी, गोंधळी, मुका, बहिरा अशी नाना रूपे घेतली. त्यांच्या महार-ब्राह्मण संवादात ज्ञान सांगतो तो महारच, आणि निरुत्तर होतो तो ब्राह्मण. तथापि हा महार ब्राह्मण कवीने उभा केलेला आहे. सोंग उतरल्यावर कवी आपल्या वर्णात परतू शकत होता. महाराला तशी सोय नव्हती.

विसाव्या शतकात सत्यशोधक जलशांनी तमाशाचा साचा ठेवून गवळणींच्या जागी ब्राह्मण स्त्रिया आणल्या. ही थट्टा अनेकदा स्त्रियांच्याच अंगावर आली. नाशिकच्या भीमराव कर्डकांच्या आंबेडकरी जलशात १९३१ पासून अस्पृश्य ठरविलेले कलावंत स्वतःचा प्रश्न स्वतःच मांडू लागले.

नंदुरबार जिल्ह्यात (१९९८ पर्यंत धुळे जिल्ह्याचा भाग) नवापूर परिसरातील सोंगाड्या पार्ट्या आदिवासी बोलींत खेळ करतात. स्त्रीभूमिका परंपरेने पुरुषच करीत आले. याच जिल्ह्यातील शहादा भागातले भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांच्या ‘स्टेज’ या कवितेत मात्र मंच दुसऱ्यांचा आहे : आदिवासी खाली बसले आहेत, आणि त्यांचे दुःख वरून त्यांनाच ऐकविले जात आहे.