पंचांचं तारतम्य आणि नियमावरचं बोट

बास्केटबॉल हा खेळ आधी कागदावर लिहिला गेला आणि मग मैदानात उतरला. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, स्प्रिंगफिल्ड इथं जेम्स नेस्मिथ या शिक्षकानं तेरा नियम लिहिले, पीचच्या टोपल्या टांगल्या आणि आपल्या विद्यार्थ्यांना खेळायला लावलं. पंचांचं कामही त्या नियमांतच वाटून दिलेलं होतं. एकानं चेंडूकडे पाहायचं, दुसऱ्यानं माणसांकडे. खांदा मारणं, धरणं, ढकलणं, पाय घालून पाडणं याला बंदी होती. पण नेमका किती धक्का म्हणजे ढकलणं, याचं माप कुठंच दिलेलं नव्हतं. ते पंचानं पाहून ठरवायचं होतं.

पुढं हे तारतम्य या खेळाचा पायाच बनलं. दहा खेळाडू आणि एवढंसं मैदान. प्रत्येक स्पर्शाला शिट्टी वाजवली तर खेळ होणारच नाही. म्हणून अमेरिकेत अनेक वर्षं नियमांचे संपादक राहिलेल्या ऑस्वाल्ड टॉवर यांनी मांडलेला विचार पंचांनी उचलला: स्पर्श झाला एवढं पाहू नका, त्यामुळं समोरच्याचं नुकसान झालं का ते पाहा.

पण हे तारतम्य खेळाडूच्या डोक्यापर्यंत पोहोचायला शंभराहून अधिक वर्षं लागली. आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघ, म्हणजे फिबा, याच्या नियमांत डोक्यावर काही घालायला बंदी होती. सवलत होती ती जास्तीत जास्त पाच सेंटिमीटर रुंदीच्या पट्टीला. हेतू वाईट नव्हता. पिन टोचू नये, कापड सुटून कुणी अडखळू नये, इतकाच. पण नियम लिहिताना पगडी किंवा हिजाब घालणारा खेळाडू कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हता.

२०१४ साली ही उणीव जगासमोर आली. जुलैत चीनमधल्या वुहान इथं आशिया चषकात अमृतपाल सिंग आणि अमज्योत सिंग या दोन भारतीय खेळाडूंना पगडी उतरवायला सांगण्यात आलं. आधीच्या स्पर्धांत ते पगडी घालूनच खेळले होते. नियम तोच होता, बदलला होता तो पंचांचा दृष्टिकोन. दोघांनी पगडी उतरवली आणि ते खेळले. सप्टेंबरमध्ये दक्षिण कोरियातल्या इंचॉनच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत कतारच्या मुलींना मंगोलियाविरुद्धच्या सामन्याआधी हिजाब काढायला सांगितलं गेलं. त्यांनी नकार दिला आणि सामना सोडला. त्याच स्पर्धेत इतर काही खेळांत हिजाब चालत होता आणि फुटबॉलच्या महासंघानं तर त्याच वर्षी बंदी उठवली होती.

योगायोग असा, की या नियमाविरुद्ध सर्वांत चिकाटीनं उभी राहिली ती नेस्मिथ यांच्या स्प्रिंगफिल्डचीच मुलगी. बिल्किस अब्दुल-कादिर हिनं शालेय स्पर्धांत तीन हजारांहून अधिक गुण करून राज्याचा विक्रम मोडला होता. अमेरिकी विद्यापीठाच्या संघातून ती हिजाब घालूनच खेळली. मात्र परदेशात व्यावसायिक खेळाडू होण्याची वेळ आली तेव्हा फिबाचा नियम आडवा आला.

आपल्याला वाटेल, पंचांनी जरा समजूतदारपणा दाखवला असता तर प्रश्न मिटला असता. मार्च २०१७ मध्ये अमेरिकेतल्याच मेरीलँड राज्यात जे घडलं ते वेगळंच सांगतं. तिथं एक शाळकरी मुलगी हंगामातले २४ सामने हिजाब घालून खेळली. धार्मिक कारणासाठी डोकं झाकायचं तर राज्य संघटनेची लेखी परवानगी हवी, असा नियम होता. चोवीस सामन्यांत कुणी तो काढला नाही. पंचविसावा सामना विभागीय अंतिम फेरीचा होता. त्या दिवशी पंचांनी नियमावर बोट ठेवलं आणि ती बाकावर बसून राहिली. नियमाचा हेतू न पाहता त्याची अक्षरं पाहिली गेली, हे राज्य संघटनेनं नंतर मान्य केलं. पण तोवर सामना संपला होता.

चोवीस वेळा मिळालेली सूट हा हक्क नव्हता, मेहेरबानी होती. मेहेरबानी मागं घ्यायला कारण लागत नाही, तिच्याविरुद्ध दादही मागता येत नाही. धक्का किती लागला हे पंचानं ठरवावं, कारण तो प्रसंग दर क्षणी नवा असतो. मात्र मैदानात उतरायचा अधिकार कुणाला, हे कुणा एकाच्या चांगुलपणावर सोडता येत नाही.

मुस्लिम वाचकाला हा वाद परका वाटू नये. आपल्या फिक्हमध्ये तो फार जुना आहे. कियासनं निघणारा निष्कर्ष अन्यायाकडे नेत असेल तर तो सोडून हिताचा मार्ग घ्यावा, याला हनफी परंपरा इस्तिहसान म्हणते. इमाम शाफिई यांचा याला कडक विरोध होता. अशानं प्रत्येक जण स्वतःच्या पसंतीलाच कायदा करून टाकेल, ही त्यांची भीती. आपल्याकडे घाटावरचे बहुतेक मुसलमान हनफी, कोकणातले बहुतेक शाफिई. दोन्ही बाजू आपल्याच घरातल्या आहेत आणि दोन्हींच्या म्हणण्यात तथ्य आहे.

फिबानं अखेर दोन्ही गोष्टी साधल्या. सप्टेंबर २०१४ मध्ये दोन वर्षांचा चाचणीचा काळ जाहीर झाला. मे २०१७ मध्ये नवा नियम मंजूर झाला आणि १ ऑक्टोबरपासून लागू झाला. डोक्यावरचं वस्त्र काळं, पांढरं किंवा गणवेशाच्या मुख्य रंगाचं असावं, त्यानं चेहरा झाकू नये, इजा होईल असं त्यात काही नसावं. सुरक्षिततेचा मूळ हेतू तसाच राहिला, फक्त पाच सेंटिमीटरची अट गेली. आता पंचाला दया दाखवायची गरज उरली नाही, नियम वाचला की पुरे.

गोष्ट इथं संपली असं मात्र नाही. डिसेंबर २०२२ मध्ये फ्रान्सच्या बास्केटबॉल महासंघानं आपल्या स्पर्धांत धार्मिक स्वरूपाचं शिरोवस्त्र घालायला बंदी घातली. फिबाची बंदी सर्वच शिरोवस्त्रांना होती, तिला धर्म दिसतच नव्हता. फ्रान्सच्या बंदीनं तो पाहून मग दार लावलं आहे. न पाहणारा नियम चूक दाखवून दिल्यावर दुरुस्त करता आला. पाहून केलेल्या नियमाला चूक कोण आणि कशी दाखवणार, हा प्रश्न आज तिथल्या मुलींसमोर आहे.