पॅलेस्टाईनची चूल

पवित्र भूमीच्या यात्रेहून परतलेले भाविक बेथलेहेम व यरुशलेम येथील तीर्थस्थानांविषयी भरभरून बोलतात. त्या तीर्थस्थानांभोवती राहणाऱ्या ख्रिस्ती घरांत काय शिजते, हे मात्र आपणांस क्वचितच ठाऊक असते. पॅलेस्टिनी लोकांनी आपली ओळख ज्या गोष्टींत जपली, त्यांत स्वयंपाकघराचे स्थान फार वरचे आहे.

४ डिसेंबर हा संत बार्बराचा सण. त्या दिवशी पॅलेस्टिनी ख्रिस्ती घरांत 'बुरबारा' शिजते. आपल्या गव्हाच्या खिरीशी नाते सांगणारा हा पदार्थ सडलेले गहू, साखर, दालचिनी व बडीशेप घालून करतात आणि वर मनुका, बदाम व डाळिंबाचे दाणे पसरतात. आख्यायिका अशी की, छळ करणाऱ्या पित्यापासून पळताना संत बार्बरा शेतात शिरली आणि गहू क्षणात वाढून तिच्या पाऊलखुणा झाकल्या गेल्या. ज्युलियन पंचांग पाळणारे ऑर्थोडॉक्स बंधुभगिनी हा सण १७ डिसेंबरला करतात. रोमन पंचांगातून तो १९६९ मध्ये वगळला गेला. तेथील पातेले मात्र चुलीवरून उतरले नाही! बुरबाराच्या वाट्या मुस्लिम शेजाऱ्यांकडेही जातात.

पुनरुत्थान सणासाठी रवा व खजुराची 'काक' आणि 'मामूल' ही बिस्किटे होतात. कड्यासारखे काक म्हणजे प्रभूचा काटेरी मुकुट, तर मामूल म्हणजे आंबेत बुडवलेला स्पंज, असे तेथील आया मुलांना सांगतात. हीच बिस्किटे मुस्लिम घरांत ईदला होतात.

तो स्पंज एजोबाच्या काठीवर बसवला होता, असे योहान लिहितो. बायबलमधील एजोब म्हणजे पॅलेस्टाईनच्या डोंगरउतारावरील 'झातर' असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. वाळवलेला झातर, तीळ व आंबट सुमाक यांचे मिश्रण ऑलिव्ह तेल आणि रोटीबरोबर न्याहारीला खातात. संरक्षित वनस्पती म्हणून रानातला झातर तोडण्यास इस्रायलने १९७७ मध्ये बंदी घातली. पिढ्यान्‌पिढ्या झातर खुडणाऱ्यांना दंड होऊ लागला. घरगुती वापरापुरती थोडी सूट मिळाली ती २०१९ मध्ये. निसर्गरक्षणाचा हेतू आम्ही नाकारत नाही. परंतु ज्यांच्या न्याहारीचा हा प्रश्न होता त्यांना विचारले कोणी?

१९४८ च्या युद्धात सात लाखांहून अधिक पॅलेस्टिनी विस्थापित झाले आणि चारशेहून अधिक गावे ओस पडली. लेबनॉन व जॉर्डनच्या छावण्यांत गाव उरले नाही, पण गावाची चव उरली. ऑलिव्हच्या हंगामात ताज्या तेलाची परीक्षा पाहणारे 'मुसखन', म्हणजे रोटीवर कांदा, सुमाक व कोंबडी, आज दूरदेशीही रांधले जाते. बेत जालाच्या विवियन सन्सूर यांनी जुन्या देशी वाणांचे बियाणे जतन करण्यासाठी बीजसंग्रह उभारला. लैला अल-हद्दाद व मॅगी श्मिट यांनी गाझातील पाककृती पुस्तकरूपाने २०१३ मध्ये प्रसिद्ध केल्या.

त्या गाझाचा खास पदार्थ 'सुमागिया'. सुमाक, तिळाचे वाटण, पालेभाजी, चणे व मांस एकत्र शिजवून तो सणाला नातलगांत वाटतात. ऑगस्ट २०२५ मध्ये गाझा शहर व परिसरात दुष्काळ अधिकृतपणे जाहीर झाला. पीठ मिळेना तेव्हा तेथील स्त्रियांनी मॅकरोनी आणि मसूर दळून रोट्या भाजल्या.