दांतांत दडलेली साक्ष



१३४८ सालीं लंडन शहरांत महामारी शिरली. प्रेतें पुरण्यास ईस्ट स्मिथफील्ड येथें नवी जागा काढावी लागली. ही साथ प्लेगची, असें आम्ही शाळामास्तर वर्गांत निःशंकपणें सांगत आलों. परंतु विसाव्या शतकाच्या अखेरीस कांहीं विद्वानांनीं तीच गोष्ट संशयास्पद ठरविली. १८९४ सालीं हाँगकाँग येथें येर्सिन यांस सांपडलेला व १८९६ सालीं मुंबईंत हाहाकार उडविणारा जंतु अवघ्या युरोपांत इतक्या वेगानें कसा पसरेल, असा त्यांचा प्रश्न होता. साक्षीदार तर केव्हांच मातीस मिळाले होते!

साक्ष मिळाली ती दांतांत. दांताच्या पोकळींत रक्त खेळतें व रक्तांतील जंतूंचा डीएनए तेथें टिकून राहतो. पण तो अत्यल्प, त्याचे बारीक तुकडे झालेले, आणि त्यांत मातींतील असंख्य जीवाणूंचा डीएनए मिसळलेला. त्यांतून हवे तेवढेच तुकडे काढणें म्हणजे धान्याच्या कोठारांतून चार मोहऱ्या वेंचणें होय.

म्हणून शास्त्रज्ञांनीं गळ टाकला. आजच्या प्लेगजंतूची सुमारें ४६ लाख अक्षरांची जनुकसंहिता ठाऊक होतीच. तिच्या आधारें गणकयंत्रानें एकमेकांवर थोडे थोडे चढणारे लहान तुकडे आंखून दिले व तसे धागे कृत्रिम रीतीनें बनविण्यांत आले. डीएनएच्या धाग्यास त्याचा पूरक धागाच नीट चिकटतो. चिकटलेले तुकडे राहिले, बाकीचे बहुतेक धुवून गेले. असे गळ आंखतांना दोन व्यवधानें ठेवावीं लागतात: जो भाग इतर जीवाणूंतहि आढळतो तो शक्यतों वगळावयाचा, आणि सर्व गळ जवळजवळ एकाच उष्णतेंत चिकटतील असे निवडावयाचे.

२०११ सालीं निकाल प्रसिद्ध झाला. ईस्ट स्मिथफील्डच्या दांतांतून प्लेगच्याच जंतूची संहिता जुळून आली. २०२२ सालीं किर्गिझस्तानांत, इसिक-कुल सरोवराजवळच्या १३३८-३९ मधील थडग्यांतहि याच युक्तीनें तो जंतु हातीं लागला. तेथील शिळांवर महामारीनें मृत्यु आल्याचा उल्लेख कोरलेला होताच; शिळा आणि दांत यांची साक्ष एक झाली.

मात्र गळास तोच मासा लागतो, ज्याच्यासाठीं तो घडविला. जो जंतु आज कोणास ठाऊकच नाहीं, त्याचा गळ कोण आंखणार? इतिहासकाराचेंहि तसेंच आहे. जो प्रश्न मनांत धरून तो दप्तर उघडतो, त्याचेंच उत्तर त्यास बहुधा मिळतें. म्हणून, गळास जें लागलें नाहीं तें तेथें नव्हतेंच, असें मात्र आपण म्हणूं नये.