चाकणचा किल्लेदार आणि महाराजांची कृतज्ञता

चाकण म्हटले की आज मोटारींचे कारखाने, कांद्याचा बाजार आणि हमरस्त्यावर खोळंबलेली वाहने डोळ्यांपुढे येतात. त्याच गावात संग्रामदुर्ग नावाचा भुईकोट किल्ला आहे. त्याचा पडका तट आणि खंदकाच्या खुणा आजही दिसतात. या किल्ल्याची एक गोष्ट, घर असो वा मंडळ, ते चालविणाऱ्या प्रत्येकीने ध्यानात ठेवावी अशी आहे. आणि ती विजयाची नाही, पराभवाची आहे.

फिरंगोजी नरसाळा हे या किल्ल्याचे किल्लेदार. दादोजी कोंडदेव १६४७ साली वारल्यावर फिरंगोजींनी शिवाजी महाराजांचा पक्ष धरला. महाराजांनी त्यांना किल्ल्यावर कायम केले व आसपासच्या गावांच्या वसुलाचे कामही त्यांच्याकडेच सोपविले. पुढे १६६० साली औरंगजेबाचा मामा शाहिस्तेखान मोठी फौज घेऊन पुण्यात उतरला. तेथून त्याने चाकणवर चाल केली व जूनच्या अखेरीस किल्ल्याला वेढा घातला.

भुईकोटाला डोंगराचा आधार नसतो. भोवती सपाट रान, मधे तट आणि खंदक, एवढेच बळ. त्यात शिबंदी थोडी. बाहेरून मदत यावी, तर महाराज स्वतःच त्या वेळी पन्हाळगडावर सिद्दी जौहरच्या वेढ्यात अडकले होते. जुलैत ते तेथून निसटले. बाजीप्रभूंनी खिंड लढविली ती याच प्रसंगी. आपल्या लेकीबाळींना ती खिंड पाठ असते; पण त्याच पावसाळ्यात आपल्या चाकणची माणसेही तशीच झुंजत होती, हे फारसे कोणी सांगत नाही.

ऐन पावसात सुमारे पंचावन्न दिवस किल्ला लढला. तोफांनी काम होईना, तेव्हा खानाने जमिनीखालून भुयार खणवून बुरुजाखाली सुरुंग पेरला. १४ ऑगस्टला बुरूज माणसांसकट उडाला. तरी आतल्या लोकांनी मागे मातीचा आडोसा उभारून तो दिवस निभावला. दुसऱ्या दिवशी मात्र किल्ला खाली करून देण्यावाचून गत्यंतर उरले नाही. मोगलांचे २६८ लोक ठार व ६०० जखमी झाले. असला लढवय्या आपल्या पदरी असावा असे खानाला वाटले. त्याने फिरंगोजींना चाकरी देऊ केली. त्यांनी ती नाकारली आणि ते महाराजांकडे परत गेले.

आता क्षणभर विचार करावा. किल्लेदार किल्ला गमावून धन्यापुढे उभा आहे. पुणे शत्रूच्या हाती, चाकण गेलेले. अशा वेळी रागाचा एक शब्द गेला असता, तरी कोणी नवल केले नसते. परंतु महाराजांनी त्यांची वाखाणणी केली, सन्मान केला आणि भूपाळगड हा दुसरा किल्ला त्यांच्या स्वाधीन केला.

या कृतीत मला दोन गोष्टी दिसतात. पहिली अशी की, महाराजांनी फळ आणि कष्ट यांची गल्लत केली नाही. किल्ला गेला हे खरे, पण पंचावन्न दिवसांची झुंज त्यामुळे खोटी ठरत नाही. दुसरी अशी की, त्यांचे आभार नुसते तोंडचे नव्हते. ज्याच्या हातून एक किल्ला गेला त्याच्याच हाती दुसरा देणे, याहून मोठा विश्वास तो कोणता?

हा एका वेळचा लहरीपणाही नव्हे. आदल्याच वर्षी, १६५९ साली, अफझलखानाचा पाडाव झाला. त्यानंतर महाराजांनी काय केले, ते सभासदाने आपल्या बखरीत नोंदविले आहे. जखमींना जखम पाहून पंचवीसपासून दोनशे होनांपर्यंत रक्कम दिली. लढाईत पडलेल्यांच्या मुलांना चाकरीत घेतले. ज्यांना मूल नव्हते त्यांच्या बायकांना निम्मे वेतन चालू केले. म्हणजे कृतज्ञता ही त्यांच्याकडे राज्यकारभाराची रीत होती. आपल्या माघारी घरच्यांची आठवण ठेवली जाईल, ही खात्री असल्यावर माणूस जिवावर उदार का होणार नाही?

आपण काही राज्य चालवीत नाही. तरीपण मंडळ चालवितोच. वर्धापनदिनाला अध्यक्षीणबाईंना हार, पाहुण्यांना श्रीफळ, देणगीदारांची नावे फलकावर, हे सारे योग्यच आहे. पण एखाद्या वर्षी फराळाच्या विक्रीच्या दिवशी पाऊस कोसळतो आणि निम्मा माल अंगावर पडतो. पुढच्या सभेत तोट्याचा आकडा वाचला जातो. जिने चार रात्री जागून चकल्या तळल्या, तिच्याविषयी कोणी अवाक्षर काढीत नाही. मग ती पुढच्या कामाला येत नाही, आणि आपण म्हणतो, “हल्ली बायका पुढे येत नाहीत.”

घरातही असेच घडते. कारखान्यातून पाळी करून आलेल्या माणसाला त्याचे श्रम कोणी विचारले की बरे वाटते. सुनेची भाकरी करपली तरी ती पहाटे उठली होती, हे सासूबाईंनी एकदा बोलून दाखवावे. त्याला पैसा लागत नाही.

म्हणून या वर्धापनदिनी एक सुचवावेसे वाटते. यश मिळविणाऱ्यांचे कौतुक करूच. पण जिचे काम मनापासून होऊनही फसले, तिचे नाव आधी घ्यावे, आणि पुढच्या वर्षीचे एखादे मोठे काम तिच्याच हाती सोपवावे. चाकणच्या मातीतली ही रीत चाकणच्या पंचक्रोशीतल्या बायकांनी चालविली, तर ते शोभूनच दिसेल.

— मंडळाची एक सभासद